काचेवरचं पोट

घरात पहिला टँक आला की सोबत सकर येतोच. दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, एखादी एंजलची जोडी, प्लॅस्टिकची झाडं, आणि निघता निघता दुकानदार म्हणतो, "एक सकर टाकतो, काच साफ ठेवील." पिशवीतलं ते पिल्लू बोटाच्या दोन पेरांएवढं असतं. मळकट तपकिरी रंग, पोटाकडे तोंड, अंगावर बारीक खवल्यांऐवजी कठीण तकटं. घरी आल्यावर ते लाकडामागे किंवा फिल्टरमागे जाऊन बसतं आणि मुलं रंगीत माशांकडे वळतात. हे पिल्लू नीट जगलं तर दीड फुटाच्या आसपास पोचेल, दहा-पंधरा वर्षं घरात राहील आणि एका दोन फुटी टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही, हे त्या क्षणी कोणीच बोलत नाही.

मला वाटतं, ते बोललं जात नाही कारण त्या माशाला आपण मासा म्हणून विकत घेतलेलंच नसतं. काच साफ ठेवायची सोय म्हणून घेतलेलं असतं. गोल्डफिश कोणता, एंजल कोणता, याची चौकशी होते. सकर कोणता, हे विचारलेलं मी फार क्वचित ऐकलंय. म्हणून हा लेख दोनच गोष्टींबद्दल आहे: हा मासा नेमका कोण हे कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर त्याचं आपण काय देणं लागतो.

माझ्याकडचा मोठा सकर वरच्या मजल्यावरून आला. तिथलं कुटुंब बदलीमुळे गाव सोडून चाललं होतं. सामान बांधून झालं होतं आणि हॉलमध्ये फक्त टँक उरला होता. बाकीचे मासे कधीच गेले होते, हा एकटा मागे राहिलेला. "ताई, तुमच्याकडे मोठा टँक आहे ना, याला घ्याल का?" असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात अजिजी होती. टँक एक फूट रुंद, आणि मासा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याहून लांब. वळायचं तर त्याला शेपूट काचेला घासत अंग वाकवावं लागत होतं, आणि शेपटीचा खालचा भाग झिजून पांढरा पडला होता.

त्याला काढायला मी जाळी वापरली नाही. मोठ्या सकरच्या छातीच्या परांचे पहिले काटे जाड, खरखरीत असतात आणि भ्यायल्यावर तो ते बाहेर काढून घट्ट अडकवतो. जाळीत ते गुंतले की जाळी कापावी लागते, नाहीतर पर फाटतो. रंगाची रिकामी, नीट धुतलेली वीस लिटरची बादली टँकमध्ये आडवी बुडवली आणि त्याला हाताने हळूहळू आत ढकलत नेलं. बादली उचलताना त्याने "कर्रर्र" असा आवाज काढला. छातीचा काटा सांध्यात घासून तो हा आवाज काढतो. मासा मुका असतो असं ज्यांनी लहानपणापासून ऐकलंय त्यांनी हा आवाज एकदा ऐकावा. तळहाताला त्याची थरथर जाणवते.

आता ओळखीचं. बाजारात "प्लेको", "सकर", "टँक क्लीनर" या नावांखाली येणारे बहुतेक मासे लोरिकॅरिडी या कुळातले. कॅटफिशमधलं हे सगळ्यात मोठं कुळ, हजारच्या आसपास जाती, आणि सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या किंवा तिला लागून असलेल्या पनामा-कोस्टारिकामधल्या. पुस्तकी "कॉमन प्लेको" म्हणजे हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस. लिनियसने 1758 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि अंगावरची तकटं पाहून त्याला चक्क स्टर्जनच्या, म्हणजे अंगावर हाडांची तकटं असलेल्या दुसऱ्याच एका माशाच्या वंशात टाकलं. तो मासा सुरिनामकडचा. आपल्याकडच्या दुकानात तो जवळजवळ कधीच येत नाही. तुमच्या-माझ्या घरात असतो तो टेरिगोप्लिक्थिस या वंशातला, ज्याला सेलफिन प्लेको म्हणतात.

दोघांमधला फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही, थोडा धीर लागतो. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजायच्या. पुढचा जाड काटा सोडायचा आणि मागच्या मऊ काड्या मोजायच्या. हायपोस्टोमसला साधारण सात, सेलफिनला नऊपेक्षा कमी नाहीत, बहुधा दहा ते चौदा. अडचण एवढीच की मासा स्वस्थ असताना हा पर पाठीवर मिटलेला असतो. तो उघडतो ते दुसरा मासा जवळ आल्यावर, खाणं पडल्यावर किंवा जागा बदलताना. मी मोबाइलवर व्हिडिओ घेते आणि नंतर एकेक चित्र थांबवून मोजते. माझ्या माशाच्या काड्या बारा भरल्या. म्हणजे सेलफिन, याबद्दल शंका नाही.

पण सेलफिनमधला कोणता? इथे हा मासा स्वतःच मदत करतो. बाकीचे मासे काचेला कूस दाखवतात, हा पोट दाखवतो. रात्री दिवा मालवून हातातली बारीक बॅटरी तिरपी धरली की काचेला चिकटलेलं ते पोट अगदी जवळून बघता येतं. मधोमध फिक्या गुलाबी ओठांची चकती, तिच्या दोन्ही कडांना एकेक आखूड मिशी. चकतीच्या आत दातांच्या दोन बारीक रांगा, एक वरच्या जबड्याची, एक खालच्या. एकेक दात केसाएवढा, टोकाशी दुभंगलेला. खालच्या जबड्याचे डावे-उजवे भाग वेगवेगळे हलतात. ते काचेवरून ओढले जातात, थांबतात, पुन्हा ओढले जातात, आणि मागे शेवाळात फिकट पट्टा उमटतो. त्याच वेळी कल्ल्यांजवळची चीर संथपणे उघडत-मिटत असते. तोंड चिकटलेलं असतानाही श्वास चालू ठेवण्याची सोय या कुळाने केलेली आहे.

ओठांच्या मागे पोटावर नक्षी असते, आणि जातीची ओळख तिथे आहे. फिक्या पोटावर सुटे, एकमेकांपासून वेगळे गडद ठिपके असतील तर टेरिगोप्लिक्थिस पार्डालिस, 1855 मध्ये कास्टेलनोने अॅमेझॉनमधून वर्णिलेला. ठिपके एकमेकांना जोडले जाऊन नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिवस, मदेइरा नदीतला, 1991 मध्ये वेबरने वर्णिलेला. दोघांच्याही डोक्यावर फिक्या रेघांची भूमितीची नक्षी असते. डोक्यावर डोळ्यांच्या मागे उंच उंचवटा, नाकपुड्या वर उचललेल्या, आणि अंगभर मोठे गोल तपकिरी डाग असतील तर गिबिसेप्स, ज्याला दुकानात "लेपर्ड सकर" म्हणून जरा चढ्या भावाने देतात. त्याचं वर्णन व्हिएन्नाच्या क्नेरने 1854 मध्ये केलं. तो अर्धा मीटर होतो. पांढरा-पिवळा "अल्बिनो सकर" ही वेगळी छोटी जात आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो बहुधा याच सेलफिनचा रंगहीन प्रकार असतो आणि तेवढाच वाढतो.

माझ्या माशाच्या पोटावर पुढच्या भागात सुटे ठिपके आहेत आणि मागच्या भागात ते जुळून रेघा होतात. मला सुरुवातीला याने फार छळलं. मग वाचत गेले तसं कळलं की जिथे जिथे हे मासे तळ्यांत वाढवले गेले किंवा नद्यांत सुटले तिथे पार्डालिस आणि डिसजंक्टिवस एकमेकांत मिसळले आहेत आणि मधल्या नक्षीचे मासे सर्रास सापडतात. घरच्या टँकमध्ये हे मासे वीत नाहीत, कारण नराला नदीकाठच्या मातीत खोल आडवं बीळ खणावं लागतं. त्या बिळात मादी अंडी घालते आणि नर राखण करतो. म्हणून बाजारातलं प्रत्येक पिल्लू मातीच्या तळ्यांतून, म्हणजे मत्स्यशेतीतून आलेलं असतं, आणि अशा तळ्यात कोणी जात पाहून जोडी लावत नाही. माझा मासा दोन्हीचा आहे. मी त्याच्या वहीत तसंच लिहिलंय, "पार्डालिस-डिसजंक्टिवस, संमिश्र", आणि मला त्यात काही उणं वाटत नाही. लांबी किती होणार आणि काय लागणार, हे दोन्ही जातींचं सारखंच आहे.

मोठ्या प्लेकोंमध्ये आणखी दोन-तीन नावं माहीत असावीत, कारण तीही लहानपणी गोंडस पिल्लं म्हणून विकली जातात. रॉयल प्लेको, म्हणजे पनाक: करड्या अंगावर काळ्या रेघा, तांबडे डोळे, पाठीवर सातच काड्या, आणि दात चमच्याच्या आकाराचे. तो लाकूड खरवडतो. टँकमध्ये ठेवलेल्या ड्रिफ्टवुडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा, भुगा एका रात्रीत तळाशी साचतो. त्याला लाकूड पचतं असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. 2009 मध्ये डोनोव्हन जर्मन या संशोधकाने त्याची आतडी तपासून दाखवलं की लाकूड काही तासांतच बाहेर पडतं आणि मासा जगतो तो लाकडावरच्या कुजलेल्या थरावर. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला अडोनिस लहानपणी इतका देखणा असतो की हात आवरत नाही. मोठेपणी ते ठिपके फिके पडत जातात, मासा दोन फुटांच्या पुढे जातो आणि दुसऱ्याला आपल्या जागेत येऊ देत नाही. या कुळात नव्याने येणाऱ्या माशांना शास्त्रीय नाव मिळेपर्यंत थांबायला नको म्हणून डात्झ या जर्मन मासिकाने 1988 पासून क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल 1, एल 2 असे. पिशवीवर एल क्रमांक असेल तर तो लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी त्याची मोठेपणची लांबी शोधावी.

हा मासा असा का आहे, हे त्याचं गाव पाहिल्याशिवाय कळत नाही. अॅमेझॉनच्या पूरमैदानात वर्षातून एकदा पाणी चढतं. ब्राझीलमधल्या मनाउस शहरापाशी नदीची पातळी कोरड्या आणि ओल्या हंगामांत साधारण दहा मीटरने बदलते. पूर आला की जंगल पाण्याखाली जातं आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरतात. पूर ओसरला की मागे डबकी उरतात, कोमट, गढूळ, कुजक्या पाल्याने भरलेली, प्राणवायू जवळजवळ संपलेली. तिथे सेलफिन वर झेप घेतो, हवेचा घोट गिळतो आणि खाली जातो. त्याच्या जठराची भिंत रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि ती त्या हवेतून प्राणवायू शोषते. पाण्याबाहेर अंग ओलं राहिलं तर तो कित्येक तास तग धरतो. म्हणूनच तिथल्या बाजारांत तो जिवंत विकला जातो. हो, विकला जातो खायला. तिथे त्याला अकारी म्हणतात, आणि ब्राझीलमधल्याच सांतारें शहराच्या बाजूला त्याचं मांस वाळवून, भाजून, कुटून पिराकुई नावाचं पीठ करतात, जे आपल्या घरातल्या सुकटीसारखं वर्षभर डब्यात टिकतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. या माशाला एक गाव आहे, तिथल्या माणसांच्या ताटात त्याला जागा आहे, मगरी आणि पक्षी त्याला खातात, आणि काच नावाची वस्तू त्याच्या साऱ्या घडणीत कुठेच नाही.

डोळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. बुबुळाच्या वरून एक छोटी झालर खाली लोंबते. उजेड वाढला की ती पसरते आणि बाहुलीची नुसती कड उरते, अंधार झाला की आक्रसते. दिवसा तो डोळे मिटून झोपलाय असं वाटतं ते या झालरीमुळे. पापण्या त्याला नाहीत. रात्री अकरानंतर बघितलंत तर तोच डोळा पूर्ण गोल, काळाभोर दिसतो.

आता ठेवायचं कसं. सगळ्यात आधी जागा. मोठ्या सेलफिनसाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही मी किमान मर्यादा मानते. लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, कारण त्याला न घासता वळता आलं पाहिजे. हा टँक काठोकाठ भरला तर जवळपास 680 लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. काच आणि स्टँड धरून वजन पाऊण टनाच्या बरंच वर जातं. माझं घर तळमजल्यावर आहे म्हणून मला ते जमलं. वरच्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, बीमपासून दूर असा टँक ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. आणि याच कारणासाठी मी म्हणते की शहरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये हा मासा येऊ नये. "टँक लहान असला की मासा लहानच राहतो" हे वाक्य दुकानात आजही ऐकू येतं. लहान टँकमध्ये मासा खुंटतो तो घाण पाण्यामुळे आणि उपासमारीमुळे. त्याला आपण "मावला" म्हणतो, आणि तो अपुऱ्या वयात मरतो तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

मग फिल्टर. सकरला सफाईसाठी आणतात, पण तो स्वतः टँकमधल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त घाण करतो. त्याचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब, पोटात गुंडाळ्या करून भरलेलं, आणि त्याच्या विष्ठेच्या लांब तपकिरी दोऱ्या सकाळी तळाशी पसरलेल्या दिसतात. टँकच्या आत लावायचा छोटा पॉवर फिल्टर इथे पुरत नाही. खाली संप (टँकखाली ठेवलेली गाळणीची दुसरी टाकी) किंवा दोन मोठे कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) लागतात, आणि तरीही आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलावं लागतं. महापालिकेचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन घालवून, टँकरचं असेल तर आधी तपासून. जडपाणी त्याला चालतं, अमोनिया चालत नाही. पुण्यातल्या डिसेंबरात पाणी फार उतरतं, तेव्हा हीटर लावून 24 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. हीटरला जाळीचं संरक्षण हवंच, कारण हा मासा उबेसाठी त्यालाच चिकटून बसतो, पोट भाजून घेतो, नाहीतर शेपटीच्या एका फटक्यात काच फोडतो.

लपायला जागा द्यावी. माझ्याकडे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला सहा इंची पीव्हीसी पाइप आहे, कडा घासून गुळगुळीत केलेला. दिसायला काही नाही, पण आल्या दिवसापासून त्याने तो आपला मानला. ड्रिफ्टवुडचं एक मोठं लाकूड, तळाला वाळू. टोकदार रंगीत खडे नकोत, पोट सतत तळावर असतं.

खाण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शेवाळावर पिल्लू काही काळ जगतं. मोठ्या माशाला काचेवरचं शेवाळ पुरणं शक्यच नाही, आणि वय वाढतं तसा तो काचेकडे फारसा बघतही नाही. मग तो उपाशी राहतो आणि रात्री शेजारच्या संथ, चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. गोल्डफिशच्या किंवा डिस्कसच्या कुशीवर गोल ओरखडे दिसले तर सकरला दोष देण्याआधी त्याचं पोट बघावं. भरलेलं पोट किंचित गोलसर असतं, उपाशी माशाचं आत खचलेलं, आणि डोळे खोल गेलेले असतात. वरून आलेल्या या माशाचं पोट तसंच होतं. मी रात्री दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या वेफर देते. आठवड्यातले बहुतेक दिवस भाजी असते: दुधी, घोसाळं, लाल भोपळा, काकडी, सोललेले मटार. दुधीची जाड चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून, गार करून, स्टीलच्या चमच्यात खोचून तळाशी सोडायची. सकाळी फक्त सालीचं कडं उरलेलं असतं. ते लगेच काढावं, नाहीतर पाणी सडतं. अधूनमधून सोललेली कोळंबी द्यावी, पण बेताने.

सोबतीला ऑस्करसारखे दणकट, मोठे मासे चालतात. दुसरा मोठा सकर मात्र नको. जागेवरून दोघं रात्रभर भांडतात.

त्याच्या हवा गिळण्याचा मला एकदा प्रत्यक्ष प्रत्यय आला. एका पावसाळी रात्री आमच्या भागातली वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. बॅटरीवरचा एअर पंप मी सकरच्या टँकला न लावता शेजारच्या लहान टँकला लावला. तो तग धरेल एवढी खात्री होती. अंधारात बसून ऐकत होते. मधूनच पाण्यावर "फट्" असा आवाज यायचा, तो वर येऊन हवा घेऊन गेलेला असायचा, आणि पहाटेपर्यंत त्या आवाजांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. सकाळी तो ठीक होता.

हाच गुण मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. घाणीत, कमी प्राणवायूत, उपाशी राहून टिकणारा हा मासा टँकमध्ये मावेनासा झाला की लोक काय करतात? पिशवीत घालून तलावावर किंवा नदीवर नेतात. "मुक्या जिवाला मोकळं केलं, पुण्य लागेल," असं मला एका काकूंनी अगदी मनापासून सांगितलं होतं, आणि त्यांच्या दयेबद्दल मला शंका नाही. पण मुळा-मुठेचं पाणी अॅमेझॉनच्या डबक्याहून त्याला फार वेगळं वाटत नाही. आपल्याकडे पाणी त्याला मारण्याइतकं थंड कधीच होत नाही, आणि त्याला गिळू शकेल असं इथे फार थोडं आहे. काटे आणि तकटं पाहून बगळाही सोडून देतो. मेक्सिकोत बाल्सास नदीवरच्या इन्फिएर्नियो जलाशयात याच माशांनी तिलापियाची मासेमारी मोडकळीला आणली. फ्लोरिडात यांनी कालव्यांचे काठ पोखरले आहेत, आणि थंडीत उबेला आलेल्या मॅनटींच्या, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या मोठ्या सस्तन प्राण्यांच्या, अंगावरचं शेवाळ खायला ते थव्याने चिकटतात. फिलिपिन्समधल्या लागुना दे बाय सरोवरात, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत, केरळातल्या आणि आंध्रातल्या तळ्यांत ते पसरलेत. उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतो. जाळं फाडतो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि ज्या जागी कटला किंवा रोहू असता तिथे हा भरतो. जाळं शिवण्यात गेलेला दिवस त्या कुटुंबाला कोण भरून देणार?

बांगलादेशाने 2023 मध्ये सकरवर बंदी घातली. आपल्याकडे 2022 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकी जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर निर्बंध आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. त्या अधिकाराचा वापर या माशासाठी व्हावा असं मला वाटतं. मी स्वतः एक पाळते, त्याच्यावर माझा जीव आहे, आणि तरीही वाटतं. निदान पिल्लांच्या टबावर मोठेपणची लांबी लिहिण्याची सक्ती तरी व्हावी.

ज्यांना खरोखर शेवाळ खाणारा मासा हवाय त्यांनी ब्रिसलनोज घ्यावा, म्हणजे अॅन्सिस्ट्रस. चार ते पाच इंचांवर थांबतो, अडीच-तीन फुटी टँकमध्ये सुखाने राहतो, मोठेपणीही शेवाळ खातो, आणि घरात वीतही असल्याने ओळखीच्या पाळणाऱ्याकडून पिल्लं मिळतात. क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या बाजारात दोन्हींची पिल्लं कधीकधी एकाच टबात असतात. डोकं रुंद आणि चपटं, अंग आखूड, पाठीवरचा पर लहान आणि त्यात सातच काड्या असतील तर तो अॅन्सिस्ट्रस. पर अंगाच्या मानाने खूप मोठा, काड्या दहाच्या पुढे, तर सेलफिन. नराच्या नाकावरच्या फांद्याफांद्यांच्या मिशा मोठेपणी फुटतात, पिल्लात त्या शोधू नयेत.

ज्यांच्या घरी मोठा सकर आधीच आहे त्यांचे फोन मला येत असतात. कोणीतरी कोणालातरी नंबर दिलेला असतो. मी आधी लांबी, टँकचं माप आणि पोटाचा फोटो मागते. जागा वाढवता येत असेल तर खाणं आणि फिल्टर समजावून सांगते. नसेल तर दुकान परत घेईल का ते विचारायला लावते, काही दुकानदार घेतात. नदीत सोडू नका हे प्रत्येकाला सांगते, आणि पटलं नाही तर उजनीचं सांगते. सध्या तळेगावच्या एका परिचितांकडे बंगल्याच्या मागे जुना सिमेंटचा हौद आहे, दहा फुटी. त्याच्या ओव्हरफ्लोचं तोंड नाल्याकडे होतं, म्हणून आम्ही तिथे आधी स्टीलची बारीक जाळी बसवली, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते पाहिलं, आणि मगच दोन मासे तिथे नेले. हौदात तिसरा मावणार नाही. तिसरा हडपसरला एका अडीच फुटी टँकमध्ये आहे, सव्वा फुटाचा, गिबिसेप्स, तब्येतीने चांगला, आणि ते घर मार्चअखेर रिकामं होणार आहे. सहा फुटी टँक आणि तळमजला असलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर खाली लिहा, बादली मी घेऊन येईन.